गोष्टीतला माणूस कुठे उभा आहे?
(विहाराच्या वर्धापनदिनी, खापर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला "तरुण पिढी आणि वाचन" असा विषय दिला होता. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलणारे मोठे वक्ते आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून आम्ही तो आमच्यापुरता लहान करून घेतला आहे. दर रविवारी सकाळी, वंदना झाली की याच सतरंजीवर आम्ही मुलांबरोबर गोष्टी वाचतो. या तीन वर्षांत काय घडले, आमचे कुठे चुकले, तेवढेच आज सांगणार आहोत.

जातिभेद वाईट आहे हे आपल्या पोरांना शिकवावे लागत नाही. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरची भाषणे त्यांना तोंडपाठ आहेत. घोषणा तर विचारूच नका. पण भाषणात जातिभेद हा एक शब्द असतो. गोष्टीत मात्र तो एका माणसाचा हात असतो, एका बाईचा घसा कोरडा पडलेला असतो. शब्दावर टाळ्या मिळतात, माणसापुढे आले की पोरगं गप्प होतं. आम्हाला ते गप्प होणं हवं होतं.

सुरुवात केली बंधुमाधवांच्या 'विषारी भाकरी' या कथेपासून. खळ्यावर आलेला म्हातारा महार, बरोबर शिकणारा नातू आणि समोर बापू पाटील. नातू पाटलाला उलट बोलतो, म्हातारा गयावया करतो, शेवटी बैलांच्या तोंडातली शिळी भाकरी पदरात पडते आणि तीच त्याचा जीव घेते. कथा संपली आणि आम्ही विचारले, कोण बरोबर? सगळा वर्ग नातवाच्या बाजूला. एक मुलगा म्हणाला, "सर, म्हाताऱ्याला स्वाभिमानच नव्हता." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आता हे उत्तर चूक आहे का? परीक्षेच्या पेपरात याला पूर्ण गुण मिळतील. पण आम्हाला ते टोचले. आम्ही म्हटले, असं करा, आज निकाल देऊ नका. म्हातारा सकाळी घरातून निघाला तेव्हा चुलीपाशी काय होतं? पाटलाला नाही म्हणून तो उद्या कुणाच्या दारात जाणार होता? गयावया करताना तो पाटलाकडे पाहत होता की नातवाकडे? पुढच्या रविवारी घरी विचारून या.

पुढच्या रविवारी तोच मुलगा आला. त्याने आजीला विचारले होते. आजी म्हणाली, तुझे पणजोबा येसकरकीची पाळी आली की काठी घेऊन घरोघर भाकरी मागायला जात. परत आले की आधी लेकरांना देत आणि स्वतः उरलंसुरलं खात. मुलगा म्हणाला, "सर, मी मागच्या वेळी जे बोललो ते खोडायचं आहे." आम्ही म्हटले, खोडू नको, त्याच्या खाली लिही. त्याने एकच ओळ लिहिली, की म्हातारा नातवासाठी वाकला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने गेली, त्याआधी बाबासाहेब तीस वर्षे त्या वतनाविरुद्ध लढत होते, हे सगळे आम्ही त्यानंतर सांगितले. आधी सांगितले असते तर वहीत उतरले असते, डोक्यात नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. आम्ही मुलांना सांगितले की आता हीच गोष्ट बापू पाटलाच्या तोंडून लिहा. दुसऱ्या दिवशी एक पालक घरी आले. आमच्यापेक्षा वयाने मोठे, चळवळीत आयुष्य गेलेले, आम्ही त्यांना काका म्हणतो. चहाही घेतला नाही. म्हणाले, "मास्तर, पिढ्यान्‌पिढ्या पाटलाचीच बाजू ऐकली. आता विहारात बसूनही पोरांनी पाटलाचीच बाजू लिहायची का?"

त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आजही आम्ही तो हलका मानत नाही. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आज सभेत देतो, काका पुढच्याच रांगेत बसले आहेत. बाजू घेणे वेगळे आणि बाजू पाहणे वेगळे. वकील ज्याची बाजू घेतो त्याचीच मांडतो, पण समोरच्याची बाजू तो आधी पाहून ठेवतो, नाहीतर कोर्टात तोंडघशी पडतो. बाबासाहेब बॅरिस्टर होते. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिताना त्यांनी सवर्ण माणसाच्या डोक्यात शिरून पाहिले. तो जात पाळतो ते तो जात्याच दुष्ट आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या धर्माने ती श्रद्धा त्याच्यात रुजवली आहे म्हणून, तेव्हा घाव शास्त्रांच्या प्रामाण्यावर घातला पाहिजे, असा त्यांचा विचार आहे. यात माफी कुठेच नाही. उलट कुऱ्हाड कुठे मारायची ते कळते.

आणि पोरांनी लिहिलेला पाटील कसा होता म्हणता? एका मुलीने लिहिले होते की पाटलाला नातवाच्या बोलण्याचा राग आला नाही, भीती वाटली. खळ्यावरचे गडी ऐकत होते. आज हा बोलला, उद्या गडी बोलतील. पंधरा वर्षांच्या मुलीला जे दिसले ते आम्हाला इतकी वर्षे कथा वाचून दिसले नव्हते.

आता बाबूराव बागुलांकडे येऊ. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. त्याच नावाची त्यातली कथा घडते कुठे, तर उधन्याला! नंदुरबारहून गाडीत बसले की सुरतेच्या अलीकडे जे उधना स्टेशन लागते, तेच. आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसे तिथे कामाला राहून आली आहेत. स्वतः बागुल रेल्वेच्या नोकरीत सुरतेला होते. वर्गात हे सांगितल्याबरोबर पोरांचे कान टवकारले. एक जण म्हणाला, "माझा मामा तिथंच राहतो, खोली भाड्याने घेताना त्यालाही विचारलं होतं." कथा तिथूनच सुरू होते. रणछोड खोलीसाठी जात विचारतो, कथानायक उसळून असा काही बोलतो की रणछोड वरमतो आणि त्याला उच्च जातीचा समजून बसतो. तिवारी त्याला घरी जेवायला बोलावतो, गुरू मानतो. आणि दुसरीकडे काशीनाथ आहे. तो जात लपवत नाही, उघड भांडतो, मार खायची आणि द्यायची तयारी ठेवून फिरतो.

इथे आम्ही वर्गाचे दोन गट केले नाहीत. दोन गट केले की पोरे कबड्डी खेळतात. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर लिहायचे, की या खोलीत मी असतो तर कोण असतो? नाव घालायचे नाही. चिठ्ठ्या डब्यात. आम्हाला वाटले, सगळे काशीनाथ लिहितील. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर जात चोरणारा नायक होता. एकीवर लिहिले होते, "मी चोरतो. हॉस्टेलला आडनाव अर्धंच सांगतो." ती चिठ्ठी कुणाची ते आम्ही शोधले नाही. शोधायचे नसतेच. पण त्या दिवसापासून या वर्गात आपण काय खेळतो आहोत याची आम्हाला जाणीव झाली. पोरांना पात्र समजावून सांगायला निघालो होतो, पात्र आमच्या सतरंजीवर बसले होते.

याच वेळी आम्ही बाबासाहेबांची बडोद्याची हकीकत वाचली. १९१७ साली परदेशातून शिकून आलेला माणूस नोकरीसाठी बडोद्याला जातो आणि त्याला राहायला जागा मिळत नाही. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नावाने राहावे लागते, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात येतात. हे ऐकून तो अनामिक मुलगा, किंवा मुलगी, काय विचार करत असेल कोण जाणे. पण त्या दिवशी घरी जायची घाई कुणालाच नव्हती.

बागुलांच्या कथेचा शेवट पोरांना पटला नव्हता. नायकाला खरे समजल्यावर बेदम मार पडतो, काशीनाथ त्याला सोडवतो, आणि नायक म्हणतो त्याचा आशय असा, की मला मारणारे हे लोक नव्हतेच, मनू होता. "मार खाऊन वर असं कसं बोलतो?" असा पोरांचा सवाल. आम्ही काही समजावले नाही. बापू पाटलाची भीती लिहिणारी तीच मुलगी म्हणाली, "काशीनाथला माणसं दिसतात, नायकाला पुस्तक दिसतं. दोघं एकाच खोलीत आहेत." आणखी काय समीक्षा करायची?

आता आपल्या खानदेशातली एक गोष्ट. ही कथा नाही, घडलेली हकीकत आहे, पण माणसाने घटनेकडे चारही बाजूंनी कसे पाहावे याचा यापेक्षा चांगला धडा आम्हाला मिळालेला नाही. १९२९ साल. बाबासाहेब धुळ्याकडचे काम आटोपून मुंबईला जाताना चाळीसगावी उतरले. समाजबांधव स्टेशनवर न्यायला आले. टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईना. मग वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले, चांगले जखमी झाले.

आपण ही हकीकत सांगतो तेव्हा टांगेवाल्यावर बोट ठेवून थांबतो. बाबासाहेब थांबत नाहीत. ते आधी टांगेवाल्याकडे पाहतात. पोटासाठी चाकरी करणारा साधा माणूस, पण बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजण्याची सोय त्याला जातीने करून दिली आहे. मग ते आपल्या माणसांकडे पाहतात. पाहुण्याने चालत जाणे त्याच्या इज्जतीला शोभणार नाही असे त्यांना वाटले, आणि इज्जत राखण्याच्या नादात पाहुण्याच्या जिवाचा विचार राहिला. त्यात राग नाही, हे लक्षात घ्या. हाडे दुखत असताना ज्याला दोन्हीकडचे दिसते त्याची दृष्टी केवढी! आम्ही मुलांना विचारले, या गोष्टीत बोलायची संधी कुणाला मिळालीच नाही? थोड्या वेळाने एक जण म्हणाला, "ज्याने टांगा हाकला त्याला." मग त्यांनी ते पान लिहिले. ती पाने विहाराच्या कपाटात आहेत, समितीने पुढच्या स्मरणिकेत त्यातली दोन तरी छापावीत ही विनंती.

बाहेरचेही थोडे वाचले. प्रेमचंदांची 'ठाकूर का कुआँ' ही १९३२ ची हिंदी कथा पोरांना सोपी जाते. आजारी नवऱ्यासाठी गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर चोरून जाते आणि हात हलवत परत येते. त्याआधी पाच वर्षे, २० मार्च १९२७ ला, महाडला हजारो माणसे भर दिवसा चवदार तळ्यावर गेली होती. गंगी एकटी होती, तिला महाड ठाऊक नव्हते. पण या कथेत विहिरीवर पाणी भरायला आलेल्या दोन उच्च जातीच्या बायका आहेत. नवरे कसे बसल्या जागी हुकूम सोडतात, आपण मोलकरणीच, असे त्या आपसात बोलतात, आणि गंगी अंधारात लपून ते ऐकते आहे. मुलींनी ही जागा बरोबर पकडली. त्या बायकांना स्वतःचे दुःख दिसते, दहा हातांवरची गंगी दिसत नाही. मुलांना हे दाखवून द्यावे लागले, मुलींना नाही.

अमेरिकेतल्या काळ्यांचे दुःख आणि आपले दुःख यांचे नाते आपल्या लेखकांनी फार आधी ओळखले होते. १९७२ साली दलित पँथरने नावच तिकडून घेतले. म्हणून आम्ही हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या १९६० च्या कादंबरीची गोष्ट तोंडी सांगितली. टॉम रॉबिन्सन या निरपराध काळ्या माणसावर खोटा आरोप येतो, गोरा वकील त्याच्यासाठी जिवाचे रान करतो, तरी गोरे पंच त्याला दोषी ठरवतात. सगळी गोष्ट वकिलाची लहान मुलगी सांगते. पोरांना वकील आवडला. मग विचारले, टॉमच्या घरात त्या रात्री काय झाले? कादंबरीत ते नाही. टॉम आपल्याला मुख्यतः कोर्टात भेटतो, तेही दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देताना. कादंबरी चांगलीच आहे, पण चांगल्या माणसाने आपल्यासाठी बोलणे आणि आपण बोलणे यात अंतर राहते.

हे वाक्य आम्ही वर्गात मोठ्या तोऱ्यात बोललो. आणि ते आमच्यावरच उलटले. ते सांगायलाच खरे तर आज उभे राहिलो.

वर्गात एक आदिवासी मुलगा येत असे. आपल्याच एका मुलाचा मित्र, जवळच्या पाड्यावरचा. दाराजवळ बसायचा, आत ये म्हटले तरी यायचा नाही. बागुलांच्या कथेवर बोलणे चालू असताना तो पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "सर, मला जात चोरता येणार नाही. मी तोंड उघडलं की कळतं." आम्ही म्हटले, वा, फार मोलाचे बोललास, पुढे ये आणि पुढचे पान तूच वाच. तो वाचायला लागला. घरची बोली भिली, मराठी शाळेतली. दोन-तीन शब्द अडखळले, एक वेगळाच उमटला. आणि बंधूंनो, आपली पोरे हसली. मागून कुणीतरी त्याच्या जमातीवरून एक शब्दही टाकला. तो शब्द मी इथे उच्चारत नाही, तुम्हाला माहीत आहे, बाजाराच्या दिवशी आपल्या ओट्यांवरही तो ऐकू येतो.

ज्या पोरांनी म्हाताऱ्याची भाकरी समजून घेतली, गंगीसाठी डोळे पुसले, तीच ही पोरे. आणि आम्ही काय केले? "शांत बसा रे" म्हणालो आणि पान पुढे वाचून टाकले. तास संपवायची घाई. त्यानंतर तो मुलगा आला नाही.

चार रविवार गेल्यावर आम्हाला शहाणपण सुचले. पोरांना म्हटले, त्या दिवसाची गोष्ट त्याच्या बाजूने लिहा. पोरे वह्या काढू लागली. तेव्हा एक मुलगी उभी राहिली, आठवीतली, एरवी बोलत नाही. म्हणाली, "सर, तो तर इथंच राहतो. आपणच का लिहायचं? त्याला विचारू ना."

आपल्याच जिल्ह्यातले, शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता आहे. आदिवासींचे दुःख दुसरेच व्यासपीठावरून सांगत राहतात, आणि ज्यांचे दुःख ते खाली बसून ऐकतात, असा तिचा विषय. ती कविता आम्ही कितीदा सभेत वाचून टाळ्या घेतल्या आहेत. पण ती आम्हाला लागू पडते हे त्या मुलीने दाखवले. नजूबाई गावितांचे 'तृष्णा' आमच्या कपाटात होते, वर्गात कधी काढले नव्हते. तीन वर्षांत आम्ही आदिवासी लेखकाची एकही ओळ मुलांसमोर वाचली नव्हती, हे सांगताना लाज वाटते. आपल्यावरच्या अन्यायाच्या गोष्टी वाचल्या की आपण आपोआप बरोबर बाजूला उभे राहतो, अशी आमची समजूत होती.

आम्ही चौघे-पाच जण पाड्यावर गेलो. घराला कुलूप. दिवाळी उलटून गेली होती, घरचे सगळे गुजरातेत ऊसतोडीला गेले होते, पोरगाही बरोबर. शेजारच्या म्हातारीने आम्हाला पाणी दिले, कुठून आलात विचारले, आणि म्हणाली, होळीला येतील. होळीला काठीची राजवाडी होळी, तेव्हा दूरदूरची माणसे परततातच.

तो आला तसा भेटायला गेलो. ज्या मुलाने तो शब्द टाकला होता तोही बरोबर होता. त्याने माफी मागितली, पण नीट जमले नाही, अर्धे वाक्य गिळले. तो मुलगा काही बोलला नाही. इकडचे तिकडचे झाले, ऊसतोडीचे, कोपी कशी बांधतात त्याचे. निघताना त्याने बागुलांचे ते पुस्तक मागितले. तो अजून वर्गात आलेला नाही. पुस्तकही आलेले नाही, ग्रंथपाल महाशयांनी आमच्या नावावर लिहून ठेवावे.

आपण वर्षावासात दर वर्षी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्यात उपालीची कथा आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येला निघाले, बरोबर त्यांचा न्हावी उपाली. राजपुत्रांनी तथागतांना विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे तो आमच्यापेक्षा ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. आपण ही कथा नेहमी उपालीच्या जागेवरून ऐकतो, कारण ती आपली जागा आहे. यंदाच्या वर्षावासात मुलांना आम्ही ती राजपुत्रांच्या जागेवरून लिहायला सांगणार आहोत. खापरमध्ये अशी माणसे आहेत की ज्यांच्यापुढे आपण राजपुत्र असतो. काकांनी यावर आधीच मान हलवली आहे, कोणत्या अर्थाने ते वर्गात येऊन सांगावे.

समितीकडे दोनच मागण्या. कपाटाला एक फळी वाढवून द्या आणि तिच्यावर आदिवासी लेखकांची पुस्तके ठेवायला थोडी रक्कम मंजूर करा. आणि पालकांनो, रविवारी मुलांना पाठवताना शेजारच्या पाड्यावरच्या मित्रालाही घेऊन यायला सांगा. वंदनेनंतर नऊ वाजता वर्ग भरतो. सतरंजी दारापासून थोडी आत सरकवून घेतली आहे, दाराजवळ बसायला आता जागा नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!